गोठणीचा काठ

पाहुण्या होडीवाल्याला काठावर काय काय लागतं, हे मेघाला आधी कुणी विचारलं असतं तर तिनं हात जोडले असते. शेणव्यात भाताच्या खाचरांत वाढलेल्या मुलीचा आणि शिडाच्या होड्यांचा संबंध तो काय! पण मुंबईच्या एका क्लबाला कुंभेरी धरणाच्या फुगवट्यावर होड्यांची सहल आणायची होती. त्याआधी चार काठ पाहून सगळ्यांत चांगला कोणता नि सगळ्यांत वाईट कोणता, हे लिहून देणारं माणूस त्यांना हवं होतं. मेघाकडे सिव्हिलचा डिप्लोमा होता, मोजायची फीत होती आणि वेळ तर भरपूर होता. धसईपर्यंत एस.टी.नं आणि पुढे मिळेल त्या गाडीनं ती नोव्हेंबरात धरणावर येऊ लागली.

क्लबाच्या तक्त्यात अकरा रकाने होते. पाण्याची खोली, उतार, वारा, सावली, रस्ता, प्यायचं पाणी, मोबाइलची रेंज वगैरे. शेवटचा रकाना वाचून तिला हसू आलं : ‘होडी काठाला लागल्यावर दोरी धरायला कोणी असतं का?’ मोठ्या लोकांचे लाड मोठे, दुसरं काय. जो काठ पहिला येईल तिथं तरंगता धक्का बसणार होता आणि एक कायमचा रखवालदार नेमला जाणार होता.

तिला फिरवणारी होडी पांडूकाकांची. साठीचा काटक, बोलका माणूस. त्यांचं मूळ गाव धरणात बुडालं तेव्हा ते गुरांमागे जाणारं पोर होते. आता राहायला काठावरच्या कोंडाचीवाडीत. एकुलता एक मुलगा जीवन भिवंडीच्या गोदामात कामाला, आणि महिने महिने घरी तोंड दाखवत नसे.

“बाय, धक्का आमच्या वाडीला दे,” ते वल्हं मारता मारता म्हणाले. “पोरगा घरी येल. त्याची आय रोज सांजच्याला दारात बसते वाट बघत. मला बघवत नाय.”

मेघाला फार वाईट वाटलं, कारण वाडीचा काठ अकरापैकी नऊ रकान्यांत नापास होता. गुडघाभर चिखल, समोरून अंगावर येणारा वारा, पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे. दुसऱ्या काठाला रस्ता होता तर सावली नव्हती, तिसऱ्याला सावली होती तर चढ भिंतीसारखा. कुणाबद्दल कितीही वाटलं तरी आकड्यांत ती कुणाची भीड धरत नसे.

चौथा काठ होता गोठणीचा. बुडालेल्या गावाची गुरं दुपारी जिथं विसावायची ती मोकळी जागा, म्हणजे गोठण. गाव गेलं, गोठण तेवढी पाण्यावर राहिली. तीन जुने आंबे, खाली स्वच्छ वाळू, काठालगत खोल पाणी, आणि वाऱ्याला आडोसा देणारी टेकडी. वस्ती मात्र जवळपास नव्हती. मेघा रस्ता बघायला वर निघाली, तेव्हा होडीचं नाक वाळूत ओढून पांडूकाकांनी आंब्यांकडे तोंड केलं नि हाळी दिली, “राखा रं! कोंडाचीवाडीच्या पांडूची हाय!”

“कुणाला सांगता?” मेघानं विचारलं.

“सवय गो.” ते ओशाळून हसले. “गोठणीत काय सोडलं का नाव सांगाचं. गुरांचा राखणा कुठं झाडाखाली पडलेला असतो, आपल्याला दिसत नाय. पण नाव ऐकलं का तो सांभालतो.”

अर्ध्या तासानं दोघं खाली आली. होडी बांधलेली होती. वाळूत एक खुंटा रोवलेला होता, आणि होडीच्याच दोरीनं, बैलाला बांधतात त्या गाठीनं, ती त्याला बांधली होती. पांडूकाका गाठीकडे बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी झटका देऊन ती सोडवली.

मेघाच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील म्हणायचे, डोळ्यांनी बघ, हातानं मोज, मग बोल. तिला भीती वाटली नाहीच. उलट कधी एकदा उद्या होतो असं झालं. गुराखी असेल तर भेटेल, कुणी थट्टा करत असेल तर सापडेल, आणि दोन्ही नसेल तर तेही कळेल.

दुसऱ्या दिवशी तिनं दोरी सोडून पिशवीत टाकली. उतरल्यावर होडी ढकलून वीस फूट आत सोडली. पांडूकाकांना हाळी देऊ दिली नाही.

“एकदा सांगितलं हाय. पुना सांगाला लागत नाय,” ते म्हणाले.

दोघं खडकावर बसली. ऐन दुपार. पाण्यावर सुरकुती नाही. होडी जागच्या जागी हलकेच फिरत होती. थोड्या वेळानं मेघाला वास आला : शेणाचा, उन्हात तापलेल्या कातडीचा, दुधाचा. मग आवाज. आंब्याखाली पुष्कळ गुरं बसून रवंथ करत असावीत तसा, संथ, ओला. तिनं वळून पाहिलं. आंब्याखाली वाळकी पानं होती.

“ऐकू येतं का?”

पांडूकाकांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

वारा मोजायच्या यंत्राकडे तिनं नजर टाकली. शून्य. तेवढंच, एक आकडा वाचण्यापुरतं.

होडी काठाला होती.

वाखाचं जाड, ओलसर दावं. कालचाच खुंटा. होडीच्या नाकापुढे हिरव्या गवताची पेंढी टाकलेली. त्या दिवसांत आख्ख्या माळावर हिरवी काडी उरली नव्हती.

आणि नाकाला दोरीनं टांगलेला एक हातभर ओंडका.

मेघानं तो ओळखला. लोढणं. पळपुट्या ढोराच्या गळ्यात अडकवतात. पाऊल टाकलं की पायांवर आपटतं, म्हणून ढोर लांब जात नाही.

वाळूवर पावलं दोघांचीच होती. तिनं दोनदा बघितलं.

“काल न सांगता नेली ना आपन,” पांडूकाका हळूच म्हणाले. “पळपुटी वाटली आसंल त्याला.”

ते उठले. लोढणं सोडवून त्यांनी आंब्याच्या बुंध्याशी नीट ठेवलं, आणि हात जोडून म्हणाले, “घरला नेतो रं.”

परतताना ते एकदाच बोलले. “सांगून सोडलेलं ढोर त्यानं कंदी हरवलं नाय, बाय. आमच्या लहानपनी पन नाय. सांजच्याला ज्याचं त्याच्या दारात.”

अहवाल लिहायला मेघाला चार दिवस लागले. सगळ्यांत वाईट काठ कोंडाचीवाडीचा, हे लिहिताना हात जड झाला. सगळ्यांत चांगला गोठणीचा. शेवटच्या रकान्यात, दोरी धरायला कोणी असतं का याच्यापुढे, तिनं ‘हो’ लिहिलं. पाहिलं होतं ते तिनं पाहिलं होतं. वाडीचं मन राखायला खाली एक ओळ जोडली : रखवालदार कोंडाचीवाडीतला घ्यावा, जीवन पांडू यांचा विचार व्हावा. आपण एक चांगलं काम केलं, असं वाटून त्या रात्री ती गाढ झोपली.

जानेवारीत क्लबाच्या नऊ होड्या आल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी मेघाला मुद्दाम फोन केला. गोव्यापासून कोचीपर्यंत सगळे धक्के पालथे घातले, पण असा काठ पाहिला नाही, म्हणाले. जेवायला वर गेलो नि परत येऊन बघतो तर सगळ्या होड्या बांधलेल्या! नवा रखवालदार मात्र फारच अबोल आहे.

जीवनला नोकरी लागली होती तर. मार्चमध्ये मुरबाडला काम निघालं, तेव्हा मेघा पेढे घेऊन वाडीवर गेली.

पांडूकाका अंगणात बसले होते. दारात त्यांची बायको, येसूबाई, तांदूळ निवडत होती. दोघांचे चेहरे असे फुललेले मेघानं पाहिले नव्हते.

“जीवन रोज घरी येतो?”

“रोज. तिन्हीसांजेला बरोबर,” येसूबाई म्हणाली. “भिवंडीचं नाव घेत नाय आता.”

“पयल्या हप्त्यात एकदा पळाला व्हता,” पांडूकाका म्हणाले. “कामावरून तसाच धसईला, यष्टी धराला. पन मंग नाय.”

“मग काय झालं?”

“काय नाय. मीच त्याला पयल्या दिशी गोठणीत सोडला व्हता ना, नाव सांगून.” त्यांनी पेढा तोंडात टाकला. “आला फिरून.”

नोकरीसाठी त्याचं नाव कागदावर लिहिणारा हात तिचाच होता.

ऊन उतरलं. पाण्याच्या बाजूनं जीवन येताना दिसला. अर्धी चड्डी, पायांत चप्पल. कुणाकडे न बघता सावकाश चालत होता, आणि दर पावलाला पाय बाहेरून फिरवून टाकत होता. दोन्ही नडग्या सोलवटल्या होत्या. जुन्या खपल्यांवर ताज्या जखमा.

मेघानं त्याच्या गळ्याकडे पाहिलं. गळा मोकळा होता.

“आला गो माझा,” म्हणत येसूबाई दारातून बाजूला सरकली.

जीवन उंबऱ्याशी थांबला. वाकून त्यानं गुडघ्यापुढचं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं, आणि मग जपून आत पाऊल टाकलं. त्याच्या हातांत काही नव्हतं.