डोळ्यावाचून पक्षी

गिटार बनवणारे आबा कामाच्या बाकावर पालथे पडले होते. डोक्यामागे घाव. नाकातोंडावर बांधलेलं फडकं अजून ओलं होतं. हाताशी पाण्याची वाटी, बारीक करवत आणि गिटारच्या मानेत बसवलेला शिंपल्याचा पक्षी. त्याचा डोळा तेवढा बसवायचा राहिला होता.

छताला गिटारी टांगलेल्या होत्या. कोणी मोठ्याने बोललं, की त्यांच्या तारा आपोआप गुणगुणत.

"मास्तर, पोलीस मलाच नेणार," आबांची लेक म्हणाली. "काका सांगतात, शेवटी आबांजवळ मी होते. मी तर दुपारीच तारा आणायला बाजारात गेले होते."

शाळा सोडून गुप्तहेर झालेले मास्तर बाकाच्या टोकाशी वाकले. तिथे दुकानातली एक गिटार होती. तिच्यावरच्या चमकत्या फुलाची एक पाकळी सुईने टोचल्यासारखी वितळली होती.

पॉलिशवाला मागच्या खोलीतून खोकत आला.

"काही ऐकलंत?" मास्तरांनी विचारलं.

"या खोकल्यात काय ऐकणार? तरुणपणी कोरडा शिंपला घासला, त्याचं हे बक्षीस. तेव्हापासून आबा शिंपला पाण्याशिवाय घासत नसत."

"पाणी आम्हालाही विचारा कोणी," मास्तरांसोबत आलेले त्यांचे मेव्हणे पुटपुटले.

पुढचं दुकान सांभाळणारे काका दारातच थांबले. घड्याळाच्या पट्ट्यावरचा पांढरा पापुद्रा ते नखाने खरवडत होते.

"दादाशी माझं पटत नाही. वर्षभर हा उंबरठा ओलांडला नाही मी. दारातूनच पाहिलं. दादा फुंकर मारून शिंपल्याची धूळ उडवत होता आणि ही मागे उभी."

"फुंकर मारून? नक्की?"

"या डोळ्यांनी पाहिलं."

मास्तरांनी खिशातला रुमाल भिजवला. "मेव्हणे, हा तोंडावर बांधा आणि फुंकर मारा."

मेव्हण्यांनी गाल फुगवले. रुमाल नुसता थरथरला.

"आलं लक्षात?" मास्तर वर्गात विचारावं तसं म्हणाले. "आबांच्या तोंडावर फडकं होतं. शिवाय ओला शिंपला घासला की धूळ उडत नाही, लगदा होतो. तो चिकटतो आणि वाळला की पांढरा पापुद्रा धरतो."

मेव्हण्यांची नजर हळूच काकांच्या मनगटाकडे वळली. काकांचं नख थांबलं.

"शिंपला वितळत नाही, काका; प्लास्टिक वितळतं. आबांनी तुमच्या फुलाला तापलेली सुई लावून पाहिली. त्यांच्या नावावर तुम्ही नकली नक्षी विकत होतात. आता सांगा, उंबरठा न ओलांडता या बाकावरचा लगदा तुमच्या हाताला कसा लागला?"

"दादा गावभर सांगणार होता!" काका ओरडले. "माझ्या तोंडाला काळं फासणार होता!"

वरच्या सगळ्या तारा एकदम गुणगुणल्या.

पोलीस काकांना घेऊन गेले. आबांनाही नेलं. लेकीने एक धुतलेलं फडकं वाटीत बुडवलं.

"उद्या कर गं, पोरी," मास्तर म्हणाले.

"डोळा मुद्दाम शेवटी बसवायचे आबा." तिने शिंपल्याची एक टिकली उचलली. "बरं झालं, मास्तर. या पक्ष्याला काही पाहावं लागलं नाही."

आणि तिने फडकं तोंडावर घट्ट बांधलं.