खोट्या शोधांची गर्दी

दुपारी वरच्या मजल्यावरच्या वैष्णवीला प्रभुलिंगनी खाली बोलावलं. ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. काम साधं होतं; नेटवरचे शोध लपवायचे. 'लई विसरायला होतंय, उपाय काय' एवढंच त्यांनी शोधलं होतं, तर पुण्यात मुलाच्या, मल्लिनाथच्या फोनवर वृद्धाश्रमाच्या जाहिराती सुरू झाल्या. दोघांचं खातं एकच. मल्लिनाथला आजार कळला की सोलापूरच्या घराला कुलूप आणि हे पुण्याला. ते त्यांना नको होतं.

"खातं येगळं करू की, काका."

"नगं. काय लपवताय म्हणून इचारंल."

मग वैष्णवीनं त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घातला. तो आपोआप भलतंसलतं शोधत राहणार. त्या गर्दीत खरा शोध दडून जाणार.

"शब्द कुटनं आणतो त्यो?"

"पेपरातल्या बातम्यांतनं."

प्रभुलिंगना ते पटलं. रोज दुपारी ते पडद्यासमोर बसत. बार्शीचा तुरीचा भाव, विमानाचं चाक, अकलूजचं दूध... ओळी सरकत राहत. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट थांबला की घर विहिरीसारखं गप्प होई.

अशाच एका शांततेत ओळ उमटली.

'ऊटा आतेनरी?'

जेवलात का. त्यांची बायको नागव्वा कानडीत असंच विचारायची. पण तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या फोडणीतल्या लसणाचा वास आला. ते कसेबसे स्वयंपाकघरात गेले. ताट झाकलेलंच होतं. जेवायचं राहून गेलं होतं.

हाक मारल्यावर खाली आलेली वैष्णवी पडद्याकडे बघतच राहिली. "काका... तुमीच लिवलं नसंल ना?"

"मी बोलून शोधतो. लिवायला कुटं येतंय मला हितं."

"काढून टाकू?"

"ऱ्हाऊ दे."

पुढं तशा ओळी येतच राहिल्या. गोळी राहिली. गॅस चालू हाय. ते उठून बघत; खरंच तसं असे. भीती हळूहळू ओसरली. अंगावर थोडं मांसही चढलं. एकटेपण तर विसरूनच गेले.

मग मल्लिनाथचा फोन आला.

"बाबा, आता बांगड्यांच्या जाहिराती यायल्यात. हिरव्या. माप सव्वादोन. आईचंच की ते. कुणासाठी बघताय?"

प्रभुलिंगनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, तब्येत बरी हाय ना? काही लपवत न्हाई ना?"

खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली.

'अवंगे हेळब्याडरी. त्याला सांगू नका.'