नाकाशेजारचे टाके

त्यानं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि त्यातून पाणी टपकलं.

“हे घालून पोहता?” तिनं विचारलं.

“पोहायला शिकवतो. पोरं हात सोडतील तेव्हा घड्याळ काढणार ना!”

तिनं उजव्या डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं... आणि झालं! डोळा भरला, भिंग धुरकटलं, गालावर ओघळ आला.

“अहो, इतकं रडू नका,” तो हळूच म्हणाला, “घड्याळच आहे ते.”

“रडतंय कोण? डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी बुजलीये माझी. कळलं?”

बिचारा असा ओशाळला की तिला हसूच आलं. त्यानंतर पोहण्याच्या मास्तरच्या घड्याळात वरचेवर पाणी शिरायला लागलं. इतकं पाणी कुणाच्या घड्याळात शिरत नसतं हो! तिला कळत होतं, आवडतही होतं. तो आला नाही की दुकान ओस वाटायचं.

पण डोळा काही ऐकेना. बारीक चाकं दिसेनाशी झाली, हातातलं काम जायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं – नाकाचं हाड वाकडं आहे, नाकाच्या आतून ऑपरेशन जमणार नाही. नाकाशेजारी छोटा छेद घेऊन पाण्याला नवी वाट करावी लागेल.

“तोंडावर व्रण? लग्नाआधी?” आत्यानं डोक्याला हात लावला.

मास्तरला सांगितलं, तर तोही म्हणाला, “राहू दे ना... मला चालतं असंच.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुम्हाला चालतं? डोळा माझा, काम माझं, आणि चालवून घेणार तुम्ही? या आता!”

तो गेला. ती आत जाऊन खरंखुरं रडली, आणि तरी ठरल्या दिवशी जाऊन ऑपरेशन करून आली.

दोन दिवसांनी दुकान उघडलं. नाकाशेजारी पट्टी, डोळ्याखाली काळंनिळं.

“हा चेहरा घेऊन काउंटरवर बसणार?” आत्या ओरडली.

“मग दुसरा कुठून आणू?”

तेवढ्यात तो समोर उभा. हातात घड्याळबिड्याळ काही नाही.

“चुकलो,” तो म्हणाला. “सुरीची मला भीती वाटते. तुमच्या डोळ्याजवळ सुरी... विचारच सोसेना. पण तसं सांगायचं सोडून मोठेपणा दाखवला.”

तिनं मान वर केली. सुजलेला चेहरा मुद्दाम उजेडाकडे वळवला.

“नीट बघून घे. व्रण राहणारेय. मी तो झाकणार नाही, आणि माझं काय करायचं ते मीच ठरवणार.” तिनं हातातलं भिंग बाजूला ठेवलं. “तू मला आवडतोस... फार आवडतोस. पण चालवून घेणारा नकोय मला.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. पट्टीकडे, सुजेकडे, सगळ्याकडे.

“भांडून आल्यासारखी दिसतेस,” तो म्हणाला. “आणि मला तू हवी आहेस. ठरवणारी तूच.”

“अगं, टाके निघेपर्यंत तरी दम धर!” आतून आत्या.

“टाक्यांचं काय मधेच?” ती म्हणाली, आणि काउंटरची फळी उचलून तिनं त्याचा हात धरला, त्याला आत घेतलं. रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून बघत होते. तिनं हात सोडला नाही.