निघ, वारा चांगला आहे

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कोणाला पटवायला बसलेले नाही. पण हे घडलंय, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ती दोघं माझी मावसभावंडं आहेत.

आम्रपाली आणि तिचा धाकटा भाऊ चेतन.

ऑक्टोबरातला रविवार. भर दुपार. जागा, नारायण पेठेतला आम्रपालीचा फ्लॅट. अमावास्या नव्हती, आसपास स्मशान नव्हतं. खाली पार्किंगवरून दोन शेजाऱ्यांचं भांडण चाललं होतं.

आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. हिंजवडीत नोकरी करणारी आम्रपाली तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. "भुताने यायचं तर आधी फोन करून यावं," म्हणायची.

दोघांना वेड शिडाच्या बोटीचं. खडकवासल्याच्या पाण्यात शिकली आणि गेल्या वर्षी रत्नागिरीला एक जुनी बोट विकत घेतली. विकणाऱ्या सुशीलाबाई पुण्याच्याच. नवरा गेला, बोट कोण चालवणार, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

बेत होता रत्नागिरीहून थेट कोचीला जायचा. चेतन आणि त्याचा मित्र रतन जाणार. हवामान बघायचं आम्रपालीने, पुण्यात बसून. तिने सांगितल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, असं ठरलेलं.

कारण दक्षिणेच्या प्रवासात सगळं मुहूर्तावर असतं. पंचांगातल्या नव्हे, वाऱ्याच्या. पाऊस सरला की वारा वायव्येचा होतो, दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीवर मिळतो. पण ऑक्टोबर लबाड. वर आकाश निळंशार, आणि खाली लक्षद्वीपकडे गुपचूप वादळ शिजत असतं.

त्या सकाळी तिकडे ढग जमताना तिला दिसले होते. इशारा अजून कोणी दिला नव्हता.

"ताई, वारा परफेक्ट आहे यार," चेतन रत्नागिरीहून फोनवर म्हणाला. "सुट्टी संपत आलीय माझी."

"सुट्टी समुद्राला विचारून घेतली होतीस का? थांब म्हटलं ना."

तो चिडला. पण थांबला.

दुपारी ती लॅपटॉपवर नकाशे बघत बसली होती. शेजारी कपाटावर बोटीतला जुना रेडिओ पडला होता, दुसऱ्या बोटींशी बोलायला हातात धरायचा असतो तो. बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघून परत दिला होता. "ताई, आत नुसतं मीठ आहे. याला दुरुस्त नाही, विसर्जित करा." बॅटरी त्यानेच काढून ठेवलेली. चेतनकडे बोटीवर दुसरा रेडिओ होता.

अचानक खालचं भांडण थांबलं...

भांडणच नाही. हॉर्न थांबले. कावळे थांबले. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि मग... चुबुक. चुबुक.

लाकडावर पाणी आपटतं, तसा आवाज.

तो रेडिओतून येत होता.

तिने तो उचलला, उलटा केला. बॅटरीची जागा रिकामी. आत मीठ, पांढरं.

आणि त्यातून एक बाई बोलली.

"चेतन, निघ. वारा चांगला आहे."

तो आवाज आम्रपालीचाच होता. तिचीच घाईची ढब. "निघ"मधला घ तसाच तोडलेला.

लगेच चेतनचा आवाज. आनंदलेला. "फायनली! उचलतो नांगर."

तिने चेतनला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. रतनला लावला. तेच.

तेव्हा तिला भीती वाटली नाही, असं ती सांगते. राग आला. आपला आवाज कोणीतरी आपल्याला न विचारता वापरतंय, याचा राग.

तिने त्या मेलेल्या रेडिओचं बटण दाबलं.

"चेतन, ती मी नाहीये. मागे फिर."

खरखर... मग तिचाच आवाज, शांतपणे.

"चेतन, ती मी नाहीये. निघ."

"ताई?" चेतन गोंधळला होता. "काय चाललंय? दोन-दोनदा काय बोलतेयस?"

"मी आम्रपाली बोलतेय!"

"मी आम्रपाली बोलतेय," पलीकडून आलं. मागोमाग हलकंसं हसू. तिचंच.

ती काहीही म्हणाली असती, तर त्या आवाजाने तेच म्हटलं असतं. लहानपणीची एखादी खूण सांगावी? पण ती सांगताक्षणी त्यालाही कळणार. ती उठून उभी राहिली. रेडिओ तोंडाशी घट्ट धरला.

"चेतन, माझं ऐकू नकोस. नीट कळलं? माझं अजिबात ऐकू नकोस. रेडिओ बंद कर. डोळे आहेत ना तुला? दक्षिणेकडे बघ आणि तूच ठरव."

ती थांबली. आता हेही परत येणार...

नाही आलं.

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. मग अगदी कानाजवळ, कोणीतरी श्वास घेतला. बोलायला घेतात तसा. आणि सोडला.

खाली हॉर्न वाजला. भांडण पुन्हा सुरू झालं. पंखा घरघरला.

अंधार पडायच्या आत चेतनचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"ताई, धक्क्याला परत लागलोय आम्ही. खाडीच्या बाहेर पडलो होतो. तू म्हणालीस म्हणून बघितलं. वारा मागून, आणि समोरून, दक्षिणेकडून, लांबच लांब लाटा. फुगलेल्या, आवाज न करणाऱ्या. रतन म्हणाला, हे दूरच्या वादळाचं आहे."

"फोन का नाही उचललास?"

"वाजलाच नाही गं. आणि तू तर रेडिओवर होतीस."

पुण्याहून रत्नागिरीला. अख्खा सह्याद्री मधे असताना.

दुसऱ्या दिवशी वादळाचा इशारा आला. मासेमारीच्या बोटी धावत बंदरात शिरल्या.

आठवड्याने आम्रपाली सुशीलाबाईंकडे गेली. आडवळण न घेता विचारलं, "तुमचे मिस्टर कसे गेले?"

बाईंनी आधी खिडकी लावून घेतली.

"ऑक्टोबरातच. बोट कारवारपुढे सापडली. शीड उभारलेलं. आत कोणी नाही. निघताना ह्यांनी माझ्या भाचीला फोन केला होता. म्हणाले, सुशीलाने सांगितलं रेडिओवर, वारा चांगला आहे, म्हणून निघतोय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं, मला अचानक दवाखान्यात नेलेलं, ह्यांना काय नि भाचीला काय, ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते. बेशुद्ध."

बोट विका, असं आम्ही सगळे म्हणालो. मावशी तर रडली.

"का विकायची?" आम्रपाली म्हणाली. "कोणाच्या तरी तालावर निघायचं नाही आणि कोणाच्या तरी धाकाने बसायचंही नाही. मुहूर्त मी काढणार. आणि या वेळी मी स्वतः जाणार."

डिसेंबर उजाडला तशी ती, चेतन आणि रतन निघाले. वारा वायव्येचा, समुद्र मऊ. नवा रेडिओ. कारवार मागे पडलं त्या दुपारी चेतन आणि रतन झोपले होते, सुकाणू तिच्या हातात होतं.

वाऱ्याचा आवाज थांबला... शीड भरलेलंच होतं.

रेडिओवर एक म्हातारा माणूस बोलला. उत्साहात. "सुशीला, निघतोय हं मी."

तिने क्षणभरही विचार केला नाही. "काका, निघू नका! ती सुशीलाकाकू नाहीये!"

खरखर.

"कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

तिने नाव सांगितलं. पूर्ण नाव.

"...बरं," तो म्हणाला. बस.

कोचीला तिघं सुखरूप पोचली. तो आवाज सुशीलाबाईंच्या मिस्टरांचा होता, की त्यांच्या आवाजात दुसरंच कोणी तिचं नाव विचारत होतं, ते आजही तिला ठाऊक नाही.

"कळलं तर कळलं नाव," ती म्हणते. "मी काय घाबरून नाव बदलू?" या वर्षीही ते जाणार आहेत.

माझं मात्र तिच्याएवढं काळीज नाही. हल्ली तिचा फोन आला की मी आधी गप्प राहते. ऐकत राहते.

"अगं, मीच आहे," ती हसून म्हणते.

अगदी तिच्याच आवाजात.