राखण

निडी गावाच्या पलीकडे महिपतीचं भातशेत, आणि शेताला लागूनच त्याचं घर. बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तो त्यांचा राखणदार. रानात जे काही फिरतं ते त्याने बांधापलीकडेच थोपवायचं आणि पेरणीआधी घरच्यांनी त्याला नारळ द्यायचा, ही बापजाद्यांपासूनची रीत. महिपतीने ती कधी चुकवली नव्हती.

तरी ऐन कापणीत त्याच बांधावर त्याच्या पोरीला, निशिगंधाला, नाग डसला. रोह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोर हातची गेली.

बारावं उरकलं तसा महिपतीने दगड उपटला, पाटीत घातला आणि नदीच्या डोहावर नेला. त्याची बायको नूतन मागून विनवत आली, देवाला असं टाकू नका म्हणाली. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"माझी पोर राखली नायस," तो दगडाला म्हणाला, "आता माझं काय पण राखू नको."

दगड बुडाला. पाण्यावर साधा बुडबुडाही उठला नाही.

त्या संध्याकाळी कापलेल्या शेतावर दुधासारखं धुकं उतरलं. पेंढ्याचा ओलसर, गोडूस वास सुटला होता. महिपती ओटीवर बसला होता, आणि बांधावरून हाक आली.

"बाबा... येऊ?"

आवाज निशिगंधाचाच. त्याच्या डोळ्यांना धार लागली. "ये गो बाय," तो म्हणाला.

मग रोज दिवेलागणीला ती यायची. पहिल्यांदा अंगणापर्यंत, मग ओटीवर, मग माजघरात. दर वेळी आधी विचारायची आणि तो हो म्हणायचा. धुक्यातून कापून काढल्यासारखी दिसायची, केस ओले, पायांना चिखल. महिपतीला वाटायचं, हे असंच चालत राहावं. नूतनला मात्र काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. ती नुसती दिवसेंदिवस सुकत चालली होती, आणि गाय गोठ्यात पाय ठेवत नव्हती.

एकदा माजघरात न राहवून महिपतीने विचारलं, "नाग डसला तवा लय दुखलं का गो?"

तिने मान तिरकी केली.

"कुठला नाग?"

तो मागे सरकला. "तू... कोण हायस?"

"तुम्ही ये म्हणालात," ती हळूच म्हणाली, "म्हणून आले."

उजाडताच महिपतीने डोहात उडी घेतली. बुडी मारमारून, बोटं सोलपटून, अखेर दगड वर काढला. बांधावर होता तिथे बसवला, शेंदूर लावला, नारळ फोडला. कपाळ मातीला टेकवून तो रडला, चुकलो म्हणाला, पुन्हा राखण कर म्हणाला.

त्या संध्याकाळी धुकं बांधाशी येऊन थांबलं, जणू कुणी हात आडवा धरला होता. बांधावरून हाक आली नाही. महिपतीने सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात मागे माजघराच्या अंधारातून आवाज आला, रडवेला, अगदी जवळून.

"बाबा, आता मला बाहेर जाता येत नाय..."

चुलीपाशी बसलेली नूतन पदराला हात पुसत उठली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हतं असं हसू होतं.

"रडू नको गो बाय," ती अंधारात शिरत म्हणाली, "आले मी."