कातडीखालची करकर

गौरीशंकर डॉक्टरांना तुम्ही ओळखता. ढोकीच्या पुढच्या गावात त्यांचा दवाखाना होता. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, म्हणून सांगतो.

किंक्रांतीचा दिवस होता. दवाखान्यातली औषधं संपली म्हणून डॉक्टर धाराशिवला गेले. तिथं मित्राकडं जेवले आणि रात्री साडेदहाला मोटारसायकलवर खोकी बांधून निघाले. टिपूर चांदणं होतं. उसाच्या ट्रॅक्टरची रांग संपली आणि पुढचा रस्ता मोकळा लागला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांना किलोमीटरच्या दगडावर एक बाई बसलेली दिसली. डोक्यावरून पदर ओढलेला, एक पाय लांब केलेला. पायात कळ आली असणार, असं वाटून डॉक्टर थांबले.

"पाय बघा साहेब," ती म्हणाली.

त्यांनी मोबाईलचा उजेड धरला. नडगीवर तुरीच्या डाळीएवढी जखम. भोवती जराशी लाली, बस. त्यांनी सवयीनं दोन बोटं दाबली. कातडीखाली करकर झाली, उसाच्या वाळल्या पाचटावर पाय पडावा तशी.

"काय लागतंय हाताला?"

डॉक्टरांनी उजेड तिच्या तोंडाकडं वळवला.

"मागल्या साली काय लागलं हुतं?"

आता त्यांनी ओळखलं. हरणाबाई. ऊसतोडीच्या टोळीतली. मागल्या हंगामात असाच पाय घेऊन आली होती. पाचटानं खरचटलंय एवढंसं, पण आतून कुणी जाळतंय म्हणत होती. मुकादम म्हणाला, नाटकं करती, काम चुकवती. डॉक्टरांनी त्या दिवशीही दोन बोटं दाबली होती. करकर कळली होती. वरून कातडी धड दिसते आणि आत मांस सडत जातं, अशा वेळी तासाभरात पाय चिरून उघडावा लागतो, हे ते शिकलेले होते. पण संध्याकाळी त्यांना एका साखरपुड्याला जायचं होतं. मोठ्या दवाखान्यात धाडायचं तर चिठ्ठी, फोन, गाडी... त्यांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, सकाळी बरं वाटेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती उसाच्या ट्रॉलीतच वारली.

"सांगा की साहेब."

"हवा... आत हवा धरलीय," ते कसंबसं म्हणाले.

"म्हंजे ठावं हुतं."

तिनं हात पुढं केला. डॉक्टरांच्या नडगीवर दोन बोटं ठेवली. दाबली.

मग दगडावर कुणी नव्हतं.

रात्री दोनला दुखणं सुरू झालं. पायावर ओरखडा नाही, सूज नाही. पण दाताखाली चादर धरायची पाळी आली. बायको कुर्डूवाडीला माहेरी. त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली आणि एकटे धाराशिवच्या एका दवाखान्यात पोचले.

रात्रपाळीला शिवरंजनी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं पाय उलटापालटा करून पाहिला. शीर आखडली असेल, इंजेक्शन देते, सकाळी बरं वाटेल, म्हणाली. डॉक्टरांनी तिचा हात धरला.

"मॅडम, कातडी बघू नका," ते म्हणाले. "दुखणं बघा."

त्यांनी तिच्या खिशातलं पेन ओढलं. नडगीवर नखाएवढी लाली उमटली होती. तिच्या कडेनं रेघ मारली. घड्याळ बघा म्हणाले.

अर्ध्या तासात लाली रेघेच्या बाहेर चार बोटं. मग निळसर. मग काळे फोड. ताप चढला, रक्तदाब खाली आला. शिवरंजनीनं बोटं दाबली. आत तीच करकर.

तिनं मोठ्या सर्जनला झोपेतून उठवलं. पाय उघडला तर आतून खरकट्या पाण्यासारखं पाणी आलं. रक्त नाही. बोट सरकवलं की मांस आपोआप सुटत होतं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत... गुडघ्याच्याही वर.

पहाटे पाय मांडीतून कापला.

डॉक्टर वाचले. तो दवाखाना मात्र त्यांनी परत उघडला नाही. मांडीवर हात ठेवून मला म्हणाले, "जो पाय नाही, तोच दुखतो, धोंडप्पा. रोज. रात्री दोनला."

त्या दिवशी सकाळी बायको आली. पाय कापायला होकार कुणी दिला, असं तिनं विचारलं. डॉक्टर तर तेव्हा बेशुद्ध होते, बरोबर कुणी नव्हतं. शिवरंजनीनं होकाराचा कागद काढला. नर्स म्हणाली, टेबलावर ठेवून मी ऑपरेशन थिएटरला फोन करायला वळले, वळून बघते तर अंगठा उठलेला. नातेवाईक आले असतील, असं वाटलं.

नातेवाईकाच्या सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा होता. बायकांचा घेतात तसा, उजव्या हाताचा.

तो कागद डॉक्टरांच्या घरी आहे. मी पाहिलाय. दोन वर्षं होतील आता...

ठसा अजून ओला आहे. बोट लावलं की शाई लागते.