पिवळ्या पिशव्यांचे दगड

आमच्या खाडीत एक परकी गोगलगाय शिरली होती. दर ओहोटीला आत्या टोपलीभर वेचून किनाऱ्यावर आणायची आणि पुढच्या ओहोटीला दोन टोपल्या भरतील इतक्या दिसायच्या. हे कसलं गणित?

सन २०६१. मी केतकी कुबल, इयत्ता सहावी, आणि घरचे म्हणतात तशी हट्टी. या गोगलगाई आमच्या तिसऱ्या (खाडीतले शिंपले) फस्त करत होत्या. तिसऱ्या विकूनच आत्याचं भागायचं; त्या संपल्या की ती कामासाठी गोव्याला जाणार होती, आणि मला ते अजिबात चालणार नव्हतं.

संशोधन केंद्राने पाहणीसाठी सहा पायांचा यंत्रमानव पाठवला होता. त्याला मी खेकडोबा म्हणायचे.

"या आल्या कुठून?" मी त्याला विचारलं.

"जहाजाच्या तोलपाण्यातून (रिकामं जहाज डगमगू नये म्हणून पोटात भरून घेतलेलं समुद्राचं पाणी). दूरच्या बंदरात भरलं, इथे ओतलं. इथे यांना खाणारं कोणी नाही. अशांना आक्रमक प्रजाती (बाहेरून येऊन इथल्या जिवांना हुसकावणारी जात) म्हणतात."

"पण आम्ही वेचतो की!"

खेकडोबाने आत्याकडे डोळा वळवला. पिवळ्या पिशव्या चिकटलेला एक दगड ती अलगद पाण्यात परत ठेवत होती. त्या पिशव्यांत गोगलगाईची अंडी होती. अंडी असलेली कुर्लीसुद्धा (खेकड्याची मादी) आत्या कधी घरी आणत नाही.

"अंड्यातलो जीव मारूचो नाय," ती म्हणाली.

पाण्यात ठेवलेल्या पिशव्यांचं पुढे काय होतं ते बघायला मी एक पिशवी बाटलीत, खाडीच्या पाण्यात ठेवली. दुसरी मासे सुकवायच्या मांडवावर, उन्हात. बाराव्या दिवशी उन्हातली वाळून गेली होती. बाटलीत मात्र ठिपके पोहत होते. खेकडोबाने भिंगातून मोजले: चारशे अठरा डिंभ (अंड्यातून निघून प्रवाहाबरोबर तरंगत जाणारी पिल्लं).

"एका पिशवीतून इतकी!" मी ओरडले. "आत्या, कुर्लीला खाणारे इथे पुष्कळ आहेत, म्हणून तिची अंडी जपायची. यांना कोण खाणार?"

आत्याने बाटली उचलून उजेडात धरली. मला तिचं फार वाईट वाटलं.

"म्हणजे ह्यांका मीच पोसलंय गो," ती म्हणाली. मग बाटली तिने स्वतः तापलेल्या वाळूत ओतली.

पुढच्या ओहोटीला वाडीतल्या सगळ्या बायका खाडीत उतरल्या. पिवळे दगड मांडवावर चढू लागले.

"खरं सांगतो," खेकडोबा म्हणाला, "बरीच पिल्लं आधीच प्रवाहात सुटली आहेत. खाडी सावरायला निदान चार वर्षं लागतील."

"म्हणजे तू गोव्याला जाणार?" मी आत्याला विचारलं. आत्याने पदर खोचला.

"चार? मगे चार वर्सां मी गोव्याक जावचंय नाय. चल गो, भरती येवच्या आधी तो मोठो दगड काढूया."